सुबलला लपवलं तो चैत्र

सुबल साँतराने कितीतरी गोल मारले आहेत हे नदीकाठच्या कोन्नगरात कुणीही सांगितलं असतं, पण ते मारताना त्याला पाहिलंय असं छातीवर हात ठेवून सांगणारी माणसं एका होडीत मावली असती. कलकत्त्याच्या मैदानावर दुसऱ्या डिव्हिजनचे सामने भर दुपारी होत. ना गॅलरी, ना तिकीट. चार बांबू, एक दोरी आणि दोरीपलीकडे चरणाऱ्या शेळ्या. बघायला येत ते शेजारच्या मोठ्या मैदानाचं फाटक उघडायची वाट पाहणारे लोक. शेंगा सोलत ते उभे राहत, सुबलचा एखादा गोल बघत, "अरे, हा कोण रे?" असं विचारत, आणि उत्तर यायच्या आत तिकडे फाटक उघडल्याचा गलका झाला की सगळे धूम पळत. उरलेला सामना सुबल, शेळ्या आणि भोंबलदा एवढ्यांतच उरकायचा.

भोंबलदा म्हणजे नवारुण संघाचा सेक्रेटरी. सेक्रेटरी, खजिनदार, आणि पाऊस आला तर गोलपोस्टच्या जाळ्या गोळा करणाराही तोच. तळ्याकाठी उघड्या पायांनी खेळणाऱ्या सुबलला त्याने पोरवयातच हेरलं, तागाच्या गिरणीत साहेबाच्या मागे लागून फिटरच्या हाताखाली चिकटवलं, आणि तेव्हापासून सुबल नवारुणचा सेंटर फॉरवर्ड झाला तो झालाच. दर साल डिव्हिजनमध्ये सगळ्यांत जास्त गोल त्याचे. आणि दर साल नवारुण वर चढता चढता राहायचा. "हा एकटा पुढे मारतो, आणि मागे सगळे मिळून खातात," भोंबलदा म्हणायचा आणि कपाळ बडवायचा.

इला कॉलेजात होती तेव्हा तिच्या भावाने तिला एकदा ओढत मैदानावर नेलं होतं. तिथे तिने सुबलला पहिल्यांदा पाहिलं. त्याच्या खेळात बघण्यासारखं काही नव्हतं. तो फार पळत नसे, चेंडू पायात घोळवत नसे. पण इलाला सगळ्या गोष्टींकडे जरा जास्तच बघायची सवय. तिच्या लक्षात आलं की हा माणूस चेंडूकडे बघतच नाही. दुसऱ्यांशी बोलत असतानाही बाईचा एक कान पाळण्याकडे असावा, तसं त्याचं चाललेलं. सगळे चेंडूमागे एका बाजूला पळाले की हा हळूच दुसरीकडे जाऊन उभा राहायचा, आणि थोड्या वेळाने चेंडू आपणहून त्याच्याकडे यायचा. जणू याला भेटायलाच निघाला होता, मध्येच वाट चुकला. घरच्यांनी "गिरणीतला फिटर, तोही अर्धा" म्हणून पुष्कळ आदळआपट केली. पण बी. ए. होऊन इलाने लग्न केलं ते त्याच्याशीच.

आता टुकू झाली होती. वर्ष उलटून गेलेली, भिंतीला धरून उभी राहणारी, सगळ्याच गोष्टी तोंडात घालणारी. इलाचं लक्ष दिवसभर तिच्या तोंडाकडे.

सुबलचं लक्ष चैत्राकडे.

चैत्रात मैदानावर दलबदल व्हायचा. कोणता खेळाडू या साली कोणत्या क्लबाकडून खेळणार त्याच्या सह्या फुटबॉल संघटनेच्या कार्यालयात जाऊन स्वतः करायच्या, आणि सहीच्या दिवसापर्यंत आपला माणूस दुसऱ्याने पळवू नये म्हणून मोठे क्लब आपले खेळाडू चक्क लपवून ठेवत. कुणाला कुणाच्या सासुरवाडीला, कुणाला समुद्रकाठी दीघ्याच्या हॉटेलात. एकाला तर म्हणे पायाला खोटं प्लास्टर घालून नर्सिंग होममध्ये झोपवलं होतं. चहाच्या टपरीवर पंधरवडाभर दुसरा विषय नसे. कोण गायब झालं, कुणाच्या घरी टॅक्सी आली, कुणाची बायको काय म्हणाली. बोलणाऱ्यांच्या हिशेबाने खेळाडूची खरी किंमत एकाच गोष्टीत होती. त्याला कुणी लपवलं का?

सुबलला कुणी लपवलं नव्हतं.

"तुला कशाला लपवायला हवंय रे?" भोंबलदा त्याच्या पाठीवर थाप मारायचा. "घरातली जुनी छत्री कुणी तिजोरीत ठेवतं का?"

टपरी हसायची. सुबलही हसायचा. मग घरी येऊन, सीझन संपलेला असताना, बूट पुसत बसायचा. इला ते बघायची. त्याचं आता तिशीला आलेलं वय, सकाळी उठताना गुडघा धरून क्षणभर बसणं, सगळं तिने पाहिलेलं होतं.

त्या चैत्रात मात्र टॅक्सी आली.

टळटळीत दुपारी. टुकू झोपली होती आणि झोपेत तिची नखं कापून घ्यावीत म्हणून इला श्वास रोखून बसली होती. सुबलची गिरणीची पाळी संपलेली, तो तळ्यावरून अंघोळ करून आला होता. दारात पांढऱ्याशुभ्र धोतरातला एक जाडसा माणूस उभा राहिला.

"मी ननी," तो म्हणाला. पुढचं सांगायची गरज नव्हती. ननीबाबू मोठ्या क्लबाचा माणूस, हे कोन्नगरातल्या शेळ्यांनाही माहीत असावं. "दोन शर्ट घे, दाढीचं सामान घे. पाच मिनिटं."

सुबलच्या अंगावर ओला पंचा. तो तसाच उभा राहिला.

"अरे, तुलाच म्हणतोय. आमचा सेंटर फॉरवर्ड यंदा दुसरीकडे जायची भाषा करतोय. गेला तर मला तू हवास. चालेल ना? की भोंबलला विचारायचंय?"

"नाही, नाही," सुबल म्हणाला, आणि पंच्यावरच शर्ट चढवायला लागला.

ननीबाबू इलाकडे वळला. लेकीच्या वयाच्या बाईला म्हणतात तसं 'मा' म्हणून बोलायला लागला. "हे बघ मा, कुठे नेतोय ते विचारू नकोस. तुला माहीत नसलं तर तुझ्या तोंडून निघणार नाही. कुणी आलं तर सांग, मेदिनीपूरला मामाकडे गेलाय. आणि तू रे," तो सुबलला म्हणाला, "तिथे तुला निरोप येतील. आई गेली, बायको विहिरीत पडली, पोर शेवटच्या घटका मोजतंय. या पंधरवड्यात या शहरात जेवढ्या आया मरतात ना, तेवढ्या पटकीच्या साथीतही मेल्या नाहीत. सगळं खोटं असतं. तुला बाहेर काढायचे धंदे. काही झालं तरी हलायचं नाही."

"आणि खरंच कुणी आजारी पडलं तर?" इलाने विचारलं.

ननीबाबू हसला. "मग मा, तुम्ही दोघांनी आपसात एखादी खूण ठरवा. सगळे ठरवतात. मी कानात बोटं घालतो." आणि त्याने खरोखरच घातली.

सुबलचं निम्मं मन टॅक्सीत जाऊन बसलं होतं. चुलीवर इलाने सकाळीच कैरीची डाळ केलेली, ती त्याला दिसली. "घरी कैरीची डाळ झालीय असं सांगून पाठव," तो कुजबुजला. "मी कुठेही असलो तरी येईन."

"नक्की?"

"तुझी शपथ. टुकूची शपथ."

"तिची नको," इला म्हणाली.

गल्लीत बघे जमायला लागले होते. टॅक्सीत बसल्यावर ननीबाबूने त्याला मान खाली घालून सीटखाली वाकायला सांगितलं. खाटेखाली लपलेलं पोर आपल्याला शोधायला येणाऱ्याच्या पायांचा आवाज ऐकताना जसं हसू दाबतं, तसा त्याचा चेहरा झालेला इलाने खिडकीतून पाहिला. लग्नाच्या दिवशीही तो तसा हसला नव्हता.

त्यानंतरचे दिवस गल्लीचे सणासारखे गेले. ज्यांनी कधी दारात पाऊल टाकलं नव्हतं अशा बाया टुकूला घ्यायला आल्या. शेजारची घरमालकीण, मासिमा, पाण्याच्या नळावर इलाचा घडा पुढे सरकवायला लागली. "लपवलंय आमच्या सुबलला," असं ती रिक्षावाल्यालाही सांगे. इलाला ऐकायला गोड वाटायचं. पण सहीच्या आधी काहीही होऊ शकतं असं तिला वाटे. काय, ते कळत नसे. ती रोज टुकूच्या कपाळाला हात लावून बघायची.

आणि एका सकाळी ते कपाळ तापलेलं निघालं.

पहिल्या दिवशी तिने स्वतःला समजावलं की दात येतायत. दुसऱ्या दिवशी डोळे लाल झाले, नाक वाहायला लागलं, टुकू दूध ओढेना. इलाने तिला खांद्यावर घेऊन डॉक्टर गाठला. म्हातारे डॉक्टर आल्यागेल्या सगळ्यांना एकच गुलाबी औषध देत, ते त्यांनी दिलं. मग टुकूची मान पुढे वाकवून पाहिली.

"मान कडक होतेय का, एवढ्याकडे लक्ष ठेव," ते म्हणाले. "तसं झालं तर एक मिनिट घालवू नकोस, शेजारच्या श्रीरामपूरच्या हॉस्पिटलात ने. पुरळ आलं तर उलट बरंच."

इलाने घरी आणलं ते एकच वाक्य. मान. ती दर थोड्या वेळाने टुकूची हनुवटी छातीला टेकते का ते बघू लागली. टुकू रडायची. आणि रडणारं पोर मान ताठ करतंच. ताठ मान कोणती आणि रडण्याची कोणती, हे इलाला कळेनासं झालं.

भोंबलदा दुपारी आला तो मेदिनीपूरच्या मामाची चौकशी करायला, म्हणजे टोमणा मारायला. पण टुकूला बघून त्याचा चेहरा उतरला.

"सुबलला निरोप द्यायला हवा," तो म्हणाला.

"कुठे आहे ते कुणाला माहीत?"

"मला." भोंबलदा जरा ओशाळला. "नदीपलीकडे. पाणिहाटीच्या घाटाजवळ ती बागेतली जुनी हवेली, बागवाडी, आहे ना, तिथे. माझा मेहुणा तिथे मासळी पोचवतो. रोज मोठमोठे रुई मासे जातायत, तेव्हाच मी ओळखलं."

इला दारातच थांबली. नदी इथून हाकेच्या अंतरावर. रोज संध्याकाळी ती टुकूला घेऊन घाटावर बसायची आणि पलीकडचे दिवे दाखवायची. तो एवढा जवळ होता.

"सांगून या," ती म्हणाली. "टुकूला फार ताप आहे म्हणावं."

एवढंच म्हणाली. कैरीच्या डाळीचं तिच्या अगदी ओठावर आलं होतं, पण ती गप्प बसली. खूण सांगितली की तो येणार, मागचापुढचा विचार न करता येणार. आणि सह्या उद्याच होत्या. त्याने साध्या निरोपावर, टुकूच्या तापावर यावं, शपथेवर नाही, अशी कुठेतरी तिची आशा होती. आणि त्याने येऊ नये अशीही होती.

भोंबलदा परत आला तेव्हा उन्हं कलली होती.

"चहा दिला मला," तो म्हणाला आणि पायरीवर बसला. "बिस्किटंही दिली. आणि हसले. ननी म्हणतो, या वर्षी फक्त तापच का हो भोंबलबाबू, गेल्या वर्षी तर आमच्या गोलकीपरची आई दोनदा मेली होती."

"आणि टुकूचे बाबा?"

"वरच्या सज्जात उभा होता. नवी लुंगी, अंगावर पावडर. मला बघून म्हणतो, 'भोंबलदा, नेम चुकला, जरा नीट मारा.' सगळे हसले." भोंबलदाने डोळे पुसले. घाम होता की काय, कळलं नाही. इलाला तो सुनेला म्हणतात तसं 'बउमा' म्हणायचा. "बउमा, एवढी वर्षं मी त्याला काय काय बोललो असेन. पण मी पोराच्या आजाराचं खोटं सांगेन?"

इलाने त्याला पाणी आणून दिलं. त्या सज्जातल्या माणसाचा तिला राग यायला हवा होता. पण तिच्या डोळ्यांसमोर आली ती नवी लुंगी आणि पावडर. सकाळी मनासारखं नाश्तापाणी, दुपारी झोप, आणि खाली पहारा. आपल्याला कुणी पळवून नेईल म्हणून पहारा! एवढी वर्षं शेळ्यांपुढे खेळलेल्या माणसावर.

ती रात्र कशीबशी गेली. उजाडताना टुकू रडायचीही थांबली. नुसती पडून राहिली, डोळे अर्धवट, आणि इलाने मान वाकवली तेव्हा ती वाकली नाही असं इलाला वाटलं. वाटलं. खात्री कुठे होती? पण आता खात्रीची वाट बघण्याएवढा धीर तिच्यात उरला नव्हता. मासिमाला टुकूपाशी बसवून ती भोंबलदाच्या दारात जाऊन उभी राहिली.

"पुन्हा जा," ती म्हणाली. "त्यांना म्हणावं, घरी कैरीची डाळ झालीय."

भोंबलदा दात घासत होता. त्याने चूळ भरली. "पोर एवढं आजारी आणि तू डाळीचं काय सांगतेस?" मग त्याला समजलं. त्याने हातातला तांब्या खाली ठेवला.

"बउमा," तो म्हणाला, "एकदाच विचारतो. तो जाऊ नये म्हणून मी कालीच्या देवळात नवस बोललोय. तो गेला तर माझा संघ संपला. म्हणजे तू मला पाठवलंस तर मी आनंदाने पळत जाईन, हे तुला माहीत असू दे. आता पुन्हा सांग."

इलाने पुन्हा सांगितलं.

घरी येऊन तिने टुकूचं घामाने भिजलेलं झबलं काढलं. हॉस्पिटलात न्यायचं तर कोरडं काही घालावं म्हणून. आणि कानामागे, केसांच्या कडेला, तिला बारीक लाल ठिपके दिसले. मानेवर उतरत चाललेले.

मासिमा वाकून बघत म्हणाली, "अगं, ही तर देवीआईची कृपा! गोवर आहे. आता ताप उतरतो की नाही बघ. कडुलिंबाचे डहाळे आणते मी." टुकूने मान वळवून मासिमाकडे पाहिलं आणि तिच्या हातातली बांगडी धरून तोंडात घातली. मान वळली. सहज वळली.

इला धावत सुटली. पायात काही नाही, पदर रस्त्यावर. घाटाच्या पायऱ्यांवर ती पोचली तेव्हा होडी निम्म्या नदीत होती. भोंबलदाचा पांढरा सदरा आणि त्याची काळी छत्री तिला दिसत होती. तिने हाक मारली. त्याने मागे वळून पाहिलं, हात वर केला, आणि 'काळजी करू नकोस, जातोच आहे' अशा अर्थाने हलवला.

ती पुन्हा ओरडली. नदीवर वारा होता.

सुबल आला तो पंचा गुंडाळूनच. बागवाडीच्या मागच्या भिंतीवरून उडी मारताना त्याच्या पायाचा तळवा कापला होता. दारातूनच तो ओरडला, "काय झालंय? कुठाय?"

टुकू खाटेवर बसलेली, अंगभर लाल पुरळ, आणि पुढ्यातल्या वाटीतले मुरमुरे एकेक करून खाली टाकत होती. बापाला बघून तिने एक मुरमुरा त्याच्याकडे धरला.

"गोवर आहे," इला म्हणाली. "तू निघाल्यावर... म्हणजे निरोप गेल्यावर कळलं. मी धावले रे. होडी निघून गेली होती."

तो खाटेच्या कडेला बसला. छाती वरखाली होत होती.

"सह्या केव्हा?" तिने विचारलं.

"दुपारपर्यंत."

"मग वेळ आहे. आत्ता ट्रेन आहे. हावड्याला उतरून टॅक्सी कर. सह्यांच्या कार्यालयातच भेटतील ना ननीबाबू?"

"हो."

"मग ऊठ. पायाला पट्टी बांधते. हा शर्ट घाल." तिने इस्त्रीचा शर्ट काढला. लग्नातला होता. तो हातात घेऊन ती उभी राहिली.

सुबलने टुकूला उचललं. तापाने शिणलेलं पोर ते, त्याच्या दंडावर डोकं टेकताच तिने डोळे मिटले. तो तिच्याकडे बघत राहिला. तिचं पुरळ, तिच्या पापण्या, नाकातून येणारा घरघर आवाज.

"मी हसलो काल," तो म्हणाला. "भोंबलदा आला तेव्हा."

"माहीत आहे. तुला सांगूनच ठेवलं होतं तसं. तू ऊठ आता."

"झोपलीय."

"माझ्याकडे दे."

"जागी होईल."

"होऊ दे की! रडेल आणि गप्प होईल. सुबल, तुझ्या पाया पडते, ऊठ."

तिने त्याला नावाने हाक मारली, तीही मासिमासमोर. मासिमाने तोंड फिरवून डहाळे खोचायला सुरुवात केली. सुबल उठला नाही. "उठतो, जरा गाढ लागू दे," म्हणाला. पूर्वी सगळे एका बाजूला पळत असताना तो जसा दुसरीकडे जाऊन उभा राहायचा, तसाच आता बसून राहिला. रेल्वे फाटकावरून ट्रेन गेल्याचा आवाज आला. नंतर आणखी एक गेली. इलाच्या हातात शर्ट होता. मग तिने तो नीट घडी घालून परत ठेवला, कारण चुरगळला असता.

दुपार टळून गेल्यावर टुकू जागी झाली.

"तसंही," तो तोंड धुताना म्हणाला, "माझं काही खरं नव्हतं तिथे. तिथे लपवलेल्या बाकीच्या दोघांचं जर्सीसाठी माप घ्यायला शिंपी येऊन गेला. माझं घेतलं नाही. ननीबाबू म्हणाले, तुझं बघू."

इला त्याच्याकडे बघत राहिली. खरं सांगत होता की तिच्यासाठी सांगत होता? एरवी त्याच्या चेहऱ्यावरून तिला सगळं कळायचं. त्या दिवशी त्याने तोंडावर पाणी मारलं होतं, आणि पाणी पुसायला वेळ लावला.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की मोठ्या क्लबाच्या सेंटर फॉरवर्डने अगदी अखेरच्या तासाला आपल्याच क्लबाकडे सही केली. टपरीवर दोन तट पडले. एक म्हणे, तो जाणार नव्हताच, सुबलला नुसतं त्याला भीती घालायला ठेवलं होतं. दुसरा म्हणे, सुबल पळाला हे कळताच क्लब जुन्या सेंटर फॉरवर्डपुढे नमला, नाहीतर तो गेलाच होता. दोन्हीकडचे लोक छातीठोक बोलत. इला दोन्ही ऐकायची. ज्या दिवशी मन थकलेलं असे त्या दिवशी ती पहिलं मानायची. एरवी दुसरं.

वैशाखात नवारुणचा सराव सुरू झाला आणि सुबल तिथे हजर झाला. भोंबलदाने त्याला पुन्हा छत्री म्हटलं नाही. कालीला नवसाचा नारळ त्याने फोडला, पण प्रसाद घेऊन इलाच्या दारापर्यंत आला आणि तसाच परत गेला. त्या साली सुबलने आधीच्या कुठल्याही सालापेक्षा जास्त गोल मारले. गुडघा तसाच, वय वाढलेलं, तरी मारले. इला टुकूला घेऊन एका सामन्याला गेली होती. शेजारच्या मोठ्या मैदानातून एकदम प्रचंड आरोळी उठली, तेव्हा नवारुणचे अकरा आणि समोरचे अकरा, पंचसुद्धा, सगळे क्षणभर थांबून तिकडे बघायला लागले. सुबलही. चेंडू त्याच्या पायाशी होता आणि समोर गोलकीपर पाठमोरा होता. मारला असता तर गोल होता. त्याने मारला नाही. ती आरोळी विरेपर्यंत तो पाय चेंडूवर ठेवून तसाच उभा राहिला.

मग पुन्हा चैत्र आला.

गल्लीत कुणी काही बोलत नव्हतं, पण सगळे बोलत नाहीत हे दिसत होतं. मासिमा नळावर उगाच आपल्या सुनेच्या तक्रारी सांगायला लागली. सुबल पाळीवरून आला की अंघोळ करायचा, दाढी करायचा. पूर्वी एक दिवसाआड करायचा, आता रोज. मग स्वच्छ शर्ट घालून पुढच्या पायरीवर टुकूला घेऊन बसायचा. टुकू आता धावायला लागली होती. तिला आणायला म्हणून तो गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा आणि तिला खांद्यावर घेऊन सावकाश परत यायचा.

इला त्याला बघायची. गेल्या साली तिला टॅक्सीची भीती वाटली होती. या साली तिच्या लक्षात आलं की मोटारीचा आवाज आला की तिचाही हात भाताच्या पातेल्यावर थांबतो.

सह्यांना दोन-तीन दिवस उरले असताना संध्याकाळी खरंच एक टॅक्सी गल्लीच्या तोंडाशी थांबली. दार उघडल्याचा आवाज झाला. पायरीवर सुबलची पाठ ताठ झाली. इला पदराला हात पुसत दारात आली आणि त्याच्या मागे उभी राहिली. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. टॅक्सीतून पांढऱ्या धोतरातला एक माणूस उतरला, मग एक बाई, मग मिठाईचे पुडे, मग आणखी एक म्हातारा. समोरच्या घरातल्या मुलीला बघायला आलेली मंडळी. स्वागताचा शंख वाजला, हसणं-बोलणं झालं, आणि ती सगळी समोरच्या दारातून आत गेली. टॅक्सी वळली आणि गेली.

"मुलगा बँकेत आहे म्हणे," इला म्हणाली.

"चांगलंय."

टुकूला झोप यायला लागली होती. तिला आत घेऊन, भरवून, इलाने तिला झोपवलं. सुबलही आत आला, हातपाय धुऊन पाटावर बसला. इलाने दोन ताटं घेतली. मग दाराकडे पाहिलं.

"कडी लावू?"

सुबलने भाताचा पहिला घास कालवला. बाहेर, समोरच्या घरी, कुणीतरी मुलीला गाणं म्हणायचा आग्रह करत होतं.

"राहू दे," तो म्हणाला. "अजून काही फार उशीर झालेला नाही."

इला त्याच्या शेजारी बसली, दाराकडे तोंड करून.